बाबांना दिसणारा हिरवा

वर्ध्यात बाबांचं कृषी केंद्र होतं. मोबाइल सगळ्यांच्या हातात नुकते आले होते आणि मी कॉम्प्युटरचा कोर्स संपवून घरी बसले होते. दुकानाची वेबसाइट करून दे, असं बाबा म्हणाले. माझं ते पहिलंच काम. फवारणीच्या औषधांच्या यादीचं पान मी तीनदा मोडून पुन्हा केलं. शब्दांची मला गर्दी वाटे, म्हणून प्रत्येक औषधाच्या नावापुढे फक्त एक रंगीत ठिपका ठेवला. हिरवा म्हणजे भाजीला चालतं. लाल म्हणजे फक्त कपाशीला. खुलासा पानाच्या तळाशी एका ओळीत होता.

बाबांना पान इतकं आवडलं, की त्यांनी त्याचे रंगीत प्रिंट काढून भाजी लावणाऱ्या बारा गिऱ्हाइकांना वाटले.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी बाबांचे मामा दुकानात आले. त्यांचा आंजीला भाजीचा मळा होता. मी त्यांना आबाजी म्हणायची. मी काउंटरच्या आतल्या बाजूला कॉम्प्युटरपाशी होते. ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"काय व बाई, दिवसभर या डब्ब्यात काय पाह्यतं?"

"पान, आबाजी. औषधांचं."

त्यांनी चष्मा वर केला, वाकून पाहिलं आणि पडद्यावर एका जागी बोट टेकवलं. "मले हे पाह्यजे. टमाट्यावर अळी आली. हे हिरवंवालं."

बोटाखाली लाल ठिपका होता. त्यांचं बोट सरकलं असेल, असं वाटलं. तेवढ्यात बाबा आले.

"कोणतं, मामाजी?"

"हे पाह्य ना. हिरवं."

बाबांनी पाहिलं. "हो, हिरवंच आहे." मग त्यांनी नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "पण हे तं कपाशीचं औषध आहे! भाजीवर कसं चालन? हिरवा काऊन लावला तू?"

"लाल आहे तो," मी म्हणाले.

"लाल?" आबाजी हसले. "पोट्टीले झोप नाई वाटते."

"नीट पाह्य," बाबा म्हणाले. "हिरवा आहे."

दोघांपैकी कोणीही थट्टा करत नव्हतं. दोन मोठी माणसं शांतपणे एका लाल ठिपक्याकडे पाहत होती आणि त्याला हिरवा म्हणत होती. पुन्हा पडद्याकडे पाहायची मला भीती वाटली. आपल्यालाच काही झालं असेल तर? मी रस्त्याकडे पाहिलं. समोरून एसटी गेली. ती लालच होती, आणि माझ्याशिवाय तिथे हे सांगणारं कोणी नव्हतं.

आबाजींना बाबांनी सवयीने बरोबर औषध दिलं. डबा, नाव आणि कपाटातली जागा त्यांना पाठ होती. रंगाची त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

दुपारी दुकान बंद करून आम्ही पिपरीला घरी जेवायला आलो. मी घरच्या कॉम्प्युटरवर शोधलं. लाल आणि हिरवा वेगळे न दिसणारी माणसं पुष्कळ असतात आणि ते आईकडून मुलाकडे येतं, असं वाचलं. अशा डोळ्यांना चित्र कसं दिसतं, ते दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम मिळाला. माझं पान त्यात टाकलं. सगळे ठिपके तुरीच्या वाळक्या पाल्याच्या रंगाचे झाले. वरपासून खालपर्यंत एकसारखे.

तिथेच थांबायला हवं होतं. पण मी दुकानाच्या पूजेच्या वेळचा आईबाबांचा फोटोही त्यात टाकला.

दोन्ही फोटो शेजारी शेजारी आले. एकात आई नेहमीसारखी होती. दुसऱ्यात तिचं हिरवं लुगडं मातकट झालं होतं आणि कपाळावर काहीच नव्हतं. कुंकू कातडीच्या रंगात बुडून गेलं होतं. बाबा तिच्या शेजारी उभे राहून हसत होते.

"हे कोणं केलं?" आई मागे कधी येऊन उभी राहिली, मला कळलं नव्हतं. तिचा हात कपाळाकडे गेला होता. "पुस ते. आत्ताच्या आत्ता पुस!"

बाबा हात पुसत आतून आले. "काय झालं?"

"पाहा तुमच्या पोरीनं काय करून ठेवलं."

बाबांनी एक फोटो पाहिला, मग दुसरा. बराच वेळ पाहिले. "काय केलं? दोन्ही सारखेच तं आहेत."

आईने अगदी हळू विचारलं, "माझं कुंकू दिसते का तुमाले?"

"दिसते ना."

"कुठं?"

"जिथं असते तिथं," बाबा म्हणाले. बिनकुंकवाच्या कपाळावर त्यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं.

आई स्वयंपाकघरात निघून गेली. मी बाबांना ठिपक्यांचं सांगितलं. ते ऐकत राहिले, आणि मग एकदम म्हणाले, "ते कागद."

वेबसाइट दहा मिनिटांत सुधारता आली. प्रत्येक ठिपक्याशेजारी मी शब्द लिहिले आणि लाल ठिपक्यांच्या जागी फुली घातली. मग ते पान सगळे रंग काढून पाहिलं. तरीही वाचता येत होतं. चूक माझीच होती. सांगायचं ते सगळं मी एकट्या रंगावर सोडलं होतं. पण बारा कागद बारा घरांत भिंतीला लागले असतील, आणि त्यांतल्या कोणाचे डोळे कसे आहेत, हे कोणालाच माहीत नव्हतं.

बाबा फोन घेऊन बसले. पहिल्या चार जणांना त्यांनी इतकंच सांगितलं, "तो कागद फाडून टाक बाप्पा, छपाई चुकली." पाचव्याला सांगितलं तेव्हा पलीकडून दबका आवाज आला. मी शेजारीच बसले होते, मलाही ऐकू आला.

"भाऊ, मी तं काल वांग्यावर फवारलं. हिरवं पाहून."

बाबांनी औषधाचं नाव विचारलं. त्याने सांगितलं. बाबांनी डोळे मिटून घेतले.

"तोडा कधी आहे?"

"उद्या सकाळी. वांगे तोडाले बायाही सांगून ठेवल्या."

"नोको करू तोडा. एक बी वांगं बजारात जाऊ देऊ नोको. घरी बी खाऊ नोका."

"घरच्यायले काय सांगू? मले लाल-हिरवं समजत नाई, हे बायकोलेही मालूम नाई, भाऊ."

बाबांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आई तिथे उभी होती.

"माह्यं नाव सांग," ते म्हणाले. "सांग, का दुकानदाराले रंग समजत नाई, त्यानं चुकीचा कागद देल्ला. बजारात कोणी इचारलं तं तिथंही हेच सांग."

फोन ठेवून त्यांनी सहावा नंबर लावला. या वेळी छपाईचं नाव काढलं नाही.