आल्टोची रांग

बंगळुरूत के. आर. पुरममधल्या आमच्या गल्लीतल्या शाळेच्या कॉयरच्या, म्हणजे गायनवृंदाच्या, बाई सत्राच्या मध्येच गाव सोडून गेल्या आणि मला बोलावणं आलं. पुण्यात लहानपणी मी काही वर्षं शास्त्रीय गाणं शिकले होते, तेवढंच माझं भांडवल. पण सॉफ्टवेअरची नोकरी नुकतीच सोडली होती आणि रिकाम्या घरात पाय ठरत नव्हता. मी हो म्हटलं.

सोप्रानो म्हणजे उंच आवाज, आल्टो म्हणजे खालचे. सगळ्यांनी एकच सूर धरला तर युनिसन, वेगवेगळे सूर एकत्र गायले तर हार्मनी. आदल्या संध्याकाळी वाचायचं आणि सकाळी सातवीला शिकवायचं, असं चाललं होतं. शब्द पाठ झाले, पण कान ऐकेना. दोन गट दोन सूर गायला लागले की कुणीतरी चुकतंय असं वाटून मी कासावीस व्हायचे. पुण्याच्या आमच्या गुरुजींकडे शेजारणीपेक्षा वेगळा सूर लागला की गाणं तिथेच थांबायचं.

आल्टोच्या रांगेत निपाणीकडची एक मुलगी होती. घरी मराठी, बाहेर कन्नड. शाळेत सगळं इंग्रजीत चालायचं, पण माझ्याशी ती मराठीत बोलायची. सुरुवात आल्टोत करायची आणि दुसऱ्या ओळीपर्यंत सोप्रानोच्या चालीत जाऊन मिसळायची. तिचा आवाज दणदणीत, त्यामुळे सगळी रांग तिच्यामागे जायची. एकदा मी तिला तास संपल्यावर थांबवलं.

"अक्का... सॉरी, मिस, मला खाली का टाकलंत? माझा आवाज वाईट आहे म्हणून?"

"नाही गं. खालचे सूर तुझ्याइतके भरीव कुणाचेच लागत नाहीत."

"मग ते ऐकू का येत नाहीत? आई म्हणते, गाण्याची चाल तर दुसऱ्याच मुली गातात."

मी फोनवर तानपुरा लावला. तिला म्हटलं, तू नुसता सा धरून ठेव, मी वर गंधार लावते. तिने सा लावला, मी गंधार. क्षणभर दोन्ही सूर एकमेकांना टेकून उभे राहिले आणि माझ्या अंगावर काटा आला. पुढच्याच क्षणी माझा गंधार घसरत तिच्या सा वर येऊन बसला.

"मिस, तुम्हीच घसरलात!" ती टाळ्या वाजवत ओरडली.

मला हसू आवरेना. मग आम्ही अदलाबदल केली, तेव्हा ती घसरली. रोज मधल्या सुट्टीत हाच खेळ सुरू झाला. दुसरीचा सूर ऐकायचा, पण त्याच्या मागे जायचं नाही. ती एका कानात बोट घालायची, मी डोळे मिटायचे. दोघींनाही जमायचं, नि पुन्हा सुटायचं.

वार्षिक समारंभाला आम्ही दोन आवाजांचं गाणं घेऊन उभ्या राहिलो. पहिलं कडवं छान गेलं. दुसऱ्यात ती सोप्रानोच्या चालीत गेली आणि तिच्यामागे आख्खी रांग. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. ती थांबल्यावर बाकीच्याही चाचरल्या. ओळ संपेपर्यंत ती गप्प उभी राहिली. पुढच्या ओळीला मी हात उचलला, तिने खालचा सूर बरोबर पकडला आणि एकेक करत सगळ्या तिच्या सुरावर आल्या. शेवटपर्यंत त्या हलल्या नाहीत.

पडद्यामागे ती धावत आली. "मी हरवले होते, मिस."

"कळलं मला. परत कशी आलीस?"

"गप्प बसून ऐकलं. वरचा सूर ऐकला की माझा कुठे असायला हवा ते स्वल्प स्वल्प... थोडं थोडं कळतं."

इतक्यात मुख्याध्यापिका आल्या. वर्षभर राहाल का, म्हणाल्या. पुढच्या सत्रात आठवीला तीन आवाजांचं गाणं बसवायचं होतं. मी हो म्हटलं आणि त्याच संध्याकाळी तिसऱ्या आवाजाबद्दल वाचायला बसले.