लोखंडी प्लेटीतलं भोक

रणगाडा फोडणाऱ्या गोळ्या माझ्या घरात आहेत, अशी बातमी एके काळी अख्ख्या जुन्नर तालुक्यात होती, असं मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, ह्याच्या चहात काय पडलंय? पण होती! आणि ती उठवणारा शहाणा कोण? हाच, तुमच्यासमोर बशी धरून बसलेला!

स्वराज्य येऊन पाच-सात वर्षं झाली असतील. राजुरीत ओढ्याकाठी आमचा भुईमूग असायचा. शेंगा भरल्या रे भरल्या की रानडुकरं हजर. नुसतं खाऊन जातील तर शपथ, सगळं वावर उकरून ठेवायची. शेवटी अर्ज केले, जुन्नरच्या कचेरीचे उंबरे झिजवले आणि पीक राखायला बंदुकीचा परवाना मिळवला. एकनळी बंदूक आणि डुकरासाठी एका गोळीची काडतुसं.

त्या बंदुकीनं मी एकही डुक्कर मारलं नाही. आता तुमच्यापासून काय लपवायचं? बार काढताना मी डोळे मिटायचो. एक नव्हे, दोन्ही! पण आवाज असा दणदणीत व्हायचा, की डुकरं ओढ्यापलीकडे पसार व्हायची आणि शेंगा वाचायच्या. एवढं पुरे नव्हतं का?

नव्हतं ना! तिथंच तर घोडं पेंड खातं.

त्याच साली विहिरीवर नवं इंजिन बसवायचं होतं. त्याच्याखाली घालायची जाड लोखंडी प्लेट जुन्नरच्या बशीरभाईंकडून करून घेतली. लोखंडकामात बशीरभाईंचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. पण त्या दिवशी काय बिनसलं कोण जाणे, बोल्टाचं भोक चार बोटं बाजूला पडलं. बशीरभाई इतके ओशाळले, की लगेच दुसरी प्लेट केली आणि ही चुकलेली गुपचूप माझ्या गाडीत टाकली. "न्या घरी किसनराव, कशाला तरी व्हईल. पर कुनाला दावू नका," म्हणाले.

मग आली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी घरातलं सगळं लोखंड पूजेला मांडतात. विळे, कोयते, कुऱ्हाड, नांगराचा फाळ. मी मधोमध बंदूक ठेवली, तिला झेंडूची माळ घातली. आणि लोखंडच आहे म्हणून ती प्लेटही शेजारी टेकवली. हळदीकुंकू वाहिलं. मनात पाप नव्हतं हो, देवाशपथ!

सणाला कळंबहून माझा मेहुणा नामदेव आला होता. पलटणीत नोकरी करून नुकताच परतलेला. तिथं तो भटारखान्यात डाळ ढवळायचा, हे आम्हाला बऱ्याच दिवसांनी कळलं. तोवर त्याच्या मिशा पाहून सगळं गाव त्याला सुभेदारच समजत होतं.

"दाजी, बंदूक झ्याक हाय," तो म्हणाला. "पर ह्या पलेटीला भोक कशाचं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आमचे शेजारी गेणूभाऊ मध्ये पडले. "गोळीचं असंल की! बंदुकीला खेटूनच ठिवलीया."

आता त्या क्षणी नुसतं 'नाही' म्हणायला माझं काय जात होतं? पण आमची सगुणा प्रसादाचं ताट घेऊन दारात उभी. तिच्या भावासमोर तिच्या नवऱ्याची मान ताठ राहायला नको का? माझा हात आपोआप मिशीकडे गेला आणि तोंडातून निघालं, "व्हय."

नामदेवानं प्लेट उचलली. ती उचलतानाच त्याला घाम फुटला. "दाजी! एवढं लोखंड साध्या काडतुसाच्या बापाला फुटायचं न्हाई. रणगाड्याचं पोलाद फोडत्यात, तसली गोळी लागती. ती फकस्त पलटणीला मिळती. तुमच्याआमच्यानं बाळगली तर सरकार सरळ आत टाकतंय!"

इथं तरी गप्प बसावं की नाही? सांगा तुम्हीच! पण नाही. मी डोळे बारीक केले आणि म्हणालो, "आपल्या बी वळखी हायेत, राव."

झालं! कल्याण झालं!

दसऱ्याला सोनं द्यायला आलेला जो तो आपट्याची पानं माझ्या हातात कोंबून तडक प्लेटीकडे. कुणी भोकात बोट घालून बघतोय, कुणी डोळा लावून. बातमी आळेफाट्याला पोचली, तेव्हा माझ्या गोळीनं प्लेट फोडून मागची बाभूळ आडवी केली होती. जुन्नरच्या बाजारात पोचेपर्यंत बाभळीमागं दोन डुकरंही पडली होती. तिथं एका मिरचीवाल्यानं तर मलाच सांगितलं, "पावणं, राजुरीकडं जाताय? जपून बरं का. तिथं एक लई खतरनाक माणूस हाय!"

खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. घरी येईपर्यंत मी छाती काढूनच चालत होतो.

चार दिवसांनी सकाळी दारात दोन सायकली थांबल्या. फौजदार आणि हवालदार!

"किसनराव तुम्हीच का? परवाना आणा. आणि ती प्लेट."

फौजदारांनी परवाना उलटापालटा करून पाहिला. मग शांतपणे म्हणाले, "साधी काडतुसं ठेवायची तुम्हाला परवानगी आहे. पोलाद फोडणारा लष्करी दारूगोळा खाजगी माणसाला बाळगता येत नाही. सापडला तर परवाना रद्द, बंदूक जप्त, आणि तुम्ही माझ्याबरोबर चला."

शेंगा काढायला आठ दिवस राहिले होते. बंदूक गेली तर डुकरं झाडझाड उपटून काढणार, आणि मी तर कोठडीत. हवालदारानं घर धुंडाळलं. कणग्या पाहिल्या, माळा पाहिला, पापडाचा डबासुद्धा उघडला. परवान्यावरची काडतुसं सोडून काही मिळालं नाही.

"गोळ्या कुठं दडवल्यात?" फौजदार.

सगुणानं मला कोपऱ्यात ओढलं. "अवं, खरंच कुठं हायती का?"

"न्हाई गं. ते भोक बशीरभाईंनी पाडलंय. यंत्रानं."

"मग तसं सांगा की!"

"समद्या गावाम्होरं? लाज वाटती गं."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की फौजदार बरा वाटला. मी बाहेर आलो. अंगणात गाव गोळा झालेलं. मान खाली घालून बोललो, "साहेब, खोटं बोललो. ते भोक गोळीचं न्हाई. जुन्नरच्या बशीरभाईंनी पाडलेलं हाय."

आणि बघा, जन्मात एकदा खरं बोललो, तर कुणाचाच विश्वास बसेना! गेणूभाऊ तर हळहळून म्हणाले, "भ्यालं बिचारं. म्हनून बोलतंय."

पण माझं नशीब जोरावर होतं. बशीरभाई त्या दिवशी आमच्याच विहिरीवर इंजिन जोडत होते. हवालदारानं त्यांना बोलावून आणलं. तेलानं काळे झालेले हात पुसत ते आले. फौजदारांनी प्लेट पुढं केली. "हे भोक तुम्ही पाडलंत?"

बशीरभाईंनी प्लेटीकडे पाहिलं. मग गावाकडे पाहिलं. त्या गर्दीत इंजिनाचं काम त्यांच्याकडं द्यायला निघालेले तिघं-चौघं उभे होते. बशीरभाईंचा चेहरा ताठ झाला.

"ह्ये? चार बोटं सरकलेलं? न्हाई साहेब. असलं वाकडं भोक बशीरच्या हातनं पडत न्हाई!"

मी कपाळावर हात मारला. रागावणार तरी कुणावर? त्यांनी अब्रू सांभाळली. मी तरी दुसरं काय केलं होतं?

फौजदारांनी टोपी काढून डोकं पुसलं. "ठीक आहे. तुमचीच बंदूक, घरात सापडलं तेच काडतूस. ह्याच प्लेटीवर बार काढा. फुटली तर चला जुन्नरला. नाही फुटली तर मी समजेन, गोळी साधी आहे."

प्लेट उकिरड्याला टेकवली. वीस पावलांवर मी. सणाला आलेला नामदेव अजून मुक्कामालाच होता, तो आणि गेणूभाऊ पंच. सगळं गाव माझ्या पाठीमागं सरकलं.

पहिला बार! डोळे उघडून पाहतो तर प्लेट जागेवर, आणि गोठ्यावरच्या वेलाचा भोपळा खाली पडून फुटलेला.

"दाजी," नामदेव हळूच म्हणाला, "डोळं मिटलं व्हतं का वो?"

"छ्या! वारा व्हता."

दुसरा बार! ह्या वेळी काय लागलं ते कुणालाच कळलं नाही. फक्त ओढ्यापलीकडं कुणाचं तरी कुत्रं ओरडलं. फौजदार म्हणाले, "जवळ या." दहा पावलांवर आलो. मी बंदूक उचलली, तसे गेणूभाऊ माझ्या मागून निघाले आणि थेट प्लेटीच्या दिशेनं चालू लागले.

"अहो, कुठं निघालात?" फौजदार ओरडले.

"साहेब, मी पलेटीपाशीच हुबा ऱ्हातो. आता तिथंच भ्या न्हाई!"

सगळं गाव हसलं. हवालदार पाठ फिरवून हसला. सगुणा पदर तोंडाला लावून आत पळाली. गेणूभाऊंना ओढून परत आणलं. तिसरा बार उकिरड्यानं गिळला.

शेवटी फौजदारांनी मला हाताला धरून पाच पावलांवर उभं केलं. "डोळे उघडे," ते कानाशी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी उघड्या डोळ्यांनी घोडा ओढला. ठण्ण! प्लेट उताणी पडली. हवालदारानं खालून शिशाची गोळी उचलली. थापलेल्या भाकरीसारखी चपटी! प्लेटीला नवा ओरखडाच तेवढा.

तेव्हा कुठं बशीरभाई पुढं आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते हसून हसून आलेलं. "साहेब, भोक माझंच. चुकलं त्या दिशी. पर ह्या माणसानं एवढी बेअब्रू सोसली, मग मला एक भोक जड न्हाई."

मी त्यांना तिथंच मिठी मारली. माझा सदरा तेलानं काळा झाला. होऊ दे!

पण कायद्याचं काम कागदावर व्हावं लागतं. हवालदारानं ओसरीवर बसून पंचनामा लिहिला आणि पंचांनी ऐकावा म्हणून मोठ्यानं वाचला: "सदर इसमाने आम्हां पंचांसमक्ष चार बार काढले. पैकी तीन प्लेटीस लागले नाहीत. चौथा पाच पावलांवरून लागला, त्याने लोखंडास इजा झाली नाही. एक भोपळा मात्र फुटला. सबब सदर इसमाकडे पोलाद फोडणारी गोळी नसल्याची, व असली तरी ती पोलादास लागणार नसल्याची आमची खात्री झाली आहे."

नामदेवानं सही केली, गेणूभाऊंनी अंगठा उठवला. बंदूक माझ्याकडे राहिली. शेंगाही वाचल्या.

तो पंचनामा फौजदारांनी माझ्या परवान्याच्या कागदांना जोडून टाकला, तो तिथंच राहिला. दरसाल परवाना नवा करायला मी जुन्नरच्या कचेरीत जातो. बाकीचे बंदूकवाले सकाळपासून संध्याकाळपर्यंत ताटकळतात. त्यांची चौकशी, त्यांचे जबाब, गावातल्या दोन भल्या माणसांची हमी! माझं नाव पुकारलं की कारकून कागद उघडतो, तो पंचनामा शेजारच्या टेबलाला वाचून दाखवतो, डोळे पुसतो आणि शिक्का उचलत म्हणतो, "ह्यांना कशाला थांबवता? ह्यांच्यापासून कुणालाच धोका नाही!"