पान्याला पडलेली खाच

मंडळी, आज सकाळी आमच्या जुन्या गाडीची बॅटरी बदलायला घेतली. बॉनेट उघडलं आणि नेहमीसारखं मंगळसूत्र काढायला लागले, तर गारगोटीहून कालच आलेल्या सासूबाई ओरडल्या, "सवाष्णीनं गळा मोकळा करू न्हाय!"

मी सासूबाईंना म्हटलं, "आत्या, धातू आहे, धोका असतो."

"शॉक बसतोय व्हय?"

"नाही. बारा व्होल्टचा शॉक जाणवत पण नाही."

"मग काढतीस कशाला?"

प्रश्न बरोबर होता. वाद नको म्हणून मंगळसूत्र ड्रेसच्या आत सरकवलं. त्या नादात निगेटिव्हची वायर आधी सोडवायची राहिली आणि पॉझिटिव्हचा नट फिरवताना पाना गाडीच्या पत्र्याला, म्हणजे निगेटिव्हलाच, टेकला. फाटकन ठिणगी उडाली.

कोरड्या कातडीतून बारा व्होल्टचा करंट जवळजवळ वाहतच नाही. धातूतून मात्र बॅटरीचा सगळा जोर एकदम धावतो आणि धातू क्षणात तापून वितळतो. पोलादी पान्याला खाच पडली होती. तिथं सोन्याची साखळी असती तर?

आत्यांनी त्या खाचेवरून बोट फिरवलं. मग माझं मंगळसूत्र स्वतःच काढलं आणि पदराच्या गाठीत बांधलं. स्वतःचंही त्याच गाठीत ठेवलं. म्हणाल्या, "बॅटरी जड हाय, मी पण धरते की."

काल इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालताना ह्यांनी अंगठी काढून खिशात टाकली होती. आत्या शेजारीच बसल्या होत्या, काहीच बोलल्या नव्हत्या.

अंगावरचं काय कधी उतरवायचं, हे तुमच्या घरात कोण ठरवतं?