रात्रपाळीसाठी गाऱ्हाणं

रात्रपाळी चुकवायला माणसं काय काय करतात ते मला कोणी शिकवायला नको. मी त्यासाठी एकाच आजोबांना दोनदा मारलेलं आहे. दुसऱ्या खेपेला साहेब शांतपणे म्हणाले होते, "मागच्या वेळी नीट गेले नव्हते का?" त्यामुळे तोच मी एक दिवस त्यांच्यासमोर उभा राहून "मला कायमची रात्रपाळी द्या" म्हणालो, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पाहिलं यात त्यांची काही चूक नव्हती.

"रात्रपाळी मागणारा एक तर झोपा काढतो, नाही तर माल काढतो," साहेब म्हणाले. "तू कुठला?"

"तसं नाही साहेब. घरगुती कारण आहे."

"लिहून दे."

लिहून दिलं. "काही घरगुती कारणास्तव." आपल्याकडे लग्न मोडलं तरी हेच लिहितात आणि घरात पाणी शिरलं तरी हेच. साहेबांनी अर्ज फाइलला लावला आणि "बघू" म्हणाले. आठवड्याने दुसरा दिला. मग तिसरा. पाचव्या अर्जापर्यंत माझं अक्षर सुधारलं, बाकी काही नाही.

खरं कारण असं होतं. आईला अर्धांगाचा झटका आला आणि तिची उजवी बाजू गेली. बायको मुलुंडला एका दवाखान्यात कामाला, सकाळी नऊला जायची ती रात्री आठला यायची. आमची खोली घाटकोपरला, चढावर. आई एकदा भिंतीला धरून बाहेर पडली आणि पायऱ्यांवर पडली. तेव्हापासून आम्ही बाहेरून कुलूप लावत होतो. एक चावी शेजारच्या वहिनींकडे, पण त्याही कामाला जायच्या, चारनंतर चहा द्यायच्या. आईजवळ बसायला बाई ठेवणं परवडत नव्हतं. मला रात्रपाळी मिळाली की दिवसा मी घरी आणि रात्री बायको, इतका सोपा हिशेब. पण आमच्याकडे पाळी दर आठवड्याला फिरायची. तीन आठवड्यांतले दोन आठवडे आई कुलपात.

हे कागदावर कसं लिहायचं? "मी माझ्या आईला कोंडून कामावर येतो, तरी कृपया विचार व्हावा"? पेन उचललं की हात आपोआप घरगुती कारणाकडे वळायचा.

मग मी नेहमी करतो तेच केलं, म्हणजे चेष्टा. चारकोपच्या आमच्या कारखान्याच्या गाळ्यात औषधांचे खोके बनतात आणि निम्मे कामगार आमच्या कोकणातले. जेवणाच्या सुट्टीत मी डब्याचं झाकण हातात धरून गाऱ्हाणं घालायचो, गावी देवासमोर घालतात तसं.

"बा देवा म्हाराजा, ह्या सायबाच्या तोंडातसून वर्साक एकदा तरी 'हो' भायर पडां दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे घास गिळत म्हणायचे.

"तेच्या केबिनचो एसी ऐन मे म्हयन्यात बंद पडां दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

माझी मालवणी म्हणजे मुंबईत वाढलेल्या पोराची, अर्धी उसनी. पण हशा पुरा मिळायचा. हसून झालं की मी घड्याळ बघायचो आणि आईने स्टुलावरचं पाणी घेतलं असेल का, हा हिशेब करत बसायचो.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे मशिनी धुऊन पुसून त्यांची पूजा होते, शेठ येतात, पेढे वाटतात, अर्ध्या दिवसाने सुट्टी. गाऱ्हाणं घालायचं काम एका जुन्या कामगाराचं, पण तो यंदा निवृत्त होऊन गावी गेलेला. साहेबांनी मला बोलावलं.

"तू रोज घालतोस म्हणे. आज जरा बरं घाल."

म्हणजे त्यांच्या कानावर होतं. माझी तिथेच वाट लागली.

झेंडूच्या माळा घातलेल्या कटिंग मशीनसमोर मी नारळ हातात घेऊन उभा राहिलो. मागे सगळे कामगार, बाजूला शेठ, त्यांच्या शेजारी साहेब. सुरुवात झकास झाली. "बा देवा म्हाराजा, आज जी काय लेकरां तुज्या पायाकडे जमली आसत, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा." व्हय म्हाराजा. "कोणाच्या हाताबोटाक इजा होव नको रे म्हाराजा." व्हय म्हाराजा. पुढे "जो कोणी अडचणीत आसात" असं म्हणायचं असतं. ते म्हटलं, आणि पुढचं आठवेना. जीभ मात्र थांबली नाही.

"हय मी मशीन पुसतंय आणि थय माजी आवस कुलपात आसा रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सवयीने सगळे म्हणाले. एकदोघे हसलेसुद्धा, त्यांना वाटलं नेहमीचंच काहीतरी. मग हसणं थांबलं. मी नारळ फोडला, तोही धड फुटला नाही, दुसऱ्याने फोडला. शेठ हळूच साहेबांना विचारत होते, काय म्हणाला तो. साहेब नगरकडचे, पण आवस म्हणजे आई एवढं त्यांना आमच्यात राहून कळत होतं, आणि 'कुलूप' कळायला मालवणी लागत नाही.

पेढे वाटून झाल्यावर त्यांनी केबिनमध्ये घेतलं. पाचही अर्ज टेबलावर होते.

"ह्यात कुठे आहे आई?"

"घरगुती कारण लिहिलंय, साहेब."

"मला वाटलं दिवसा दुसरीकडे नोकरी धरलीस. मी माणूस लावून चौकशी करणार होतो." त्यांनी अर्ज पुन्हा फाइलला लावले. "मला एकट्याला सांगितलं असतंस तर गुपचूप केलं असतं. आता शेठसमोर, सगळ्यांसमोर बोललास. तुला कायमची दिली तर उद्या दहा जण आपापलं घेऊन येतील. प्रत्येकाच्या घरी कोणीतरी आहे."

"हो साहेब."

"एक महिना देतो. सोमवारपासून. तेवढ्यात काहीतरी सोय बघ. त्यानंतर माझ्याकडे येऊ नकोस."

मी आभार मानले. वाकून मानले, हे आठवलं की अजून कान गरम होतात.

दुपारी दोनला घरी पोचलो आणि कुलूप काढलं. आई खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. माझी घरी यायची ही वेळ नव्हे हे तिला कळलं.

"सुटी?" शब्द तिच्या तोंडातून एका बाजूने यायचे.

"मशिनींची पूजा होती. आणि आई, रात्रपाळी मिळाली. महिनाभर मी दिवसा घरी."

तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मला वाटलं, खूश झाली.

"आणि मगे?" तिने विचारलं.

मी म्हटलं, चहा टाकतो.