परत न घेता येणारं गाऱ्हाणं

आमच्याकडे नवा फ्रिज आला तरी बाबा गाऱ्हाणं घालायचे. हसू नका, खरंच. चारकोपच्या आमच्या खोलीत फ्रिजसमोर नारळ ठेवायचे, हात जोडायचे आणि गिरणीच्या खडखडाटात बोलून बोलून मोठ्या झालेल्या आवाजात सुरू करायचे, "बा देवा म्हाराजा!" मागून आम्ही, "व्हय म्हाराजा!"

दहावीच्या पेपराला निघाले तेव्हा मला उंबऱ्यात उभं करून त्यांनी गावच्या राखणदाराला सांगितलं होतं, "ह्या चेडू आज परीक्षेक बसता हा. तेच्या वाटेर जा काय आडवा येयत, ता बाजूक कर आणि तेका सुखरूप घराक हाड, रे म्हाराजा!" समोरच्या गुजराती काकूसुद्धा दारात येऊन "व्हय म्हाराजा" म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण गणिताचा पेपर बरा गेला.

राखणदार म्हणजे आमच्या गावची शीव सांभाळणारा. दिसत नाही. त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात, आणि फिरून फिरून त्यांचे तळ झिजतात असं बाबा शपथेवर सांगतात. मी देव-बिव फार मानणारी नाही. पण ते गाऱ्हाणं झाल्याशिवाय मी कधी मोठ्या कामाला घराबाहेर पडले नाही. नोकरीचा इंटरव्ह्यू असो, लग्न असो, घटस्फोटाची तारीख असो. आई गेल्यावर तर घरात आम्ही दोघंच. ते मागायचे, मी आणि काकू व्हय म्हणायचो.

ऑफिसव्यतिरिक्त मला एकच नाद, गोष्टीच्या खेळाचा. टेबलाभोवती चार-पाच जण बसायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं, अडलं की फासे टाकायचे. आम्ही खेळायचो ते नियम परदेशातल्या एका मोठ्या कंपनीचे होते. तिने ते खुले ठेवले होते: घ्या, वापरा, त्यावर स्वतःचे खेळ काढा, विका. त्या भरवशावर जगभर कितीतरी छोट्या लोकांनी दुकानं थाटली. आणि एक दिवस बातमी फुटली, कंपनी म्हणे जुना परवाना रद्द करणार!

आम्ही भडकलो. नाहूरचा माझा मित्र, आमच्यातला सगळ्यात डोकेबाज, म्हणाला, "दिलेलं परत मागतात? लाज कशी वाटत नाही यांना?" पुढे बोंबाबोंब झाली, कंपनीने माघार घेतली, पण आमचं मन उडालं ते उडालंच. ठरलं की आपले नियम आपण लिहायचे, मराठीत. आणि परवाना असा लावायचा की तो कोणालाच परत घेता येणार नाही, अगदी आपल्यालाही. कोणीही वापरा, बदला, विका, फक्त आमची नावं छापा. मला वाटलं, झकास! ते कलम आजही चांगलंच वाटतं, हाच तर सगळा वैताग आहे.

खेळात आमच्या गावची शीव आली, रानात चुकलेली माणसं आली आणि त्यांना वाट दाखवणारा राखणदार आला. प्रत्येक डाव गाऱ्हाण्याने सुरू व्हायचा. बाबांना आधी विचारलं होतं. म्हणाले, "घे गो. देवाक हाक मारूक कोणाची परवानगी लागता?" त्यांनीच ते सांगितलं, मी उतरवलं. रविवारी आम्ही खेळायला बसलो की स्वयंपाकघरातून सगळ्यात मोठा "व्हय म्हाराजा" त्यांचाच.

मग एका रविवारी मित्र धापा टाकत आला. हातात गुळगुळीत कागदाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक. परदेशातल्या कोणीतरी आमच्या नियमांवर नवा खेळ काढला होता! शेवटच्या पानावर आमची नावं. मी नाचायचीच बाकी होते. बाबांना दाखवलं, तर म्हणाले, "राखणदार खंय हा? वाच बघू."

मी वाचत गेले, मराठी करून सांगत गेले. राखणदार हा खजिन्यावर बसलेला राक्षस. लाल डोळे, सुळे. तो सहसा उघड्यावर येत नाही. त्याला बाहेर काढायला हा मंत्र म्हणायचा. खाली बाबांचं गाऱ्हाणं, शब्द न् शब्द, रोमन अक्षरांत. सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं की तो मदतीला धावून येतो, आणि मग त्याला घेरून मारायचं. मेल्यावर त्याच्या वहाणा मिळतात. माझी जीभ मध्येच अडखळली, पण बाबांना कळायचं ते कळून चुकलं होतं.

"आपण तेका राखण करूक हाक मारतंव," ते हळूच म्हणाले. "आणि हे तेका मारूक बोलवतत?"

"खेळ आहे हो तो, बाबा."

"माका ठाऊक आसा. काढून टाकूक सांग."

मी लिहिलं. इतकं गोड उत्तर आलं की डोकंच फिरलं. आम्ही तुमच्या सगळ्या अटी पाळल्या आहेत, तुमची इच्छा असेल तर तुमची नावं तेवढी काढून टाकतो. मी मित्रावर खेकसले. तो म्हणाला, "यार, त्यांनी काही चुकीचं केलंच नाही. कोणीही बदला, असं आपणच लिहिलंय ना?"

"मग आता?"

"आता काही नाही गं."

ज्या कंपनीला आम्ही शिव्या घातल्या, तिला जे करायचं होतं तेच आता मला करायचं होतं. दिलेलं परत हवं होतं. रागाने मला रडू फुटलं आणि मित्र खाली मान घालून फासे गोळा करत राहिला.

बाबांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "आता मी हाक मारली तर तेका कसा कळतला, राखण करूक बोलवतत काय मारूक? शब्द तेच. तो येतलो बिचारो धावत." मी परोपरीने समजावलं, भांडले, तो तुमचा आवाज ओळखेल म्हटलं. त्यांनी नुसती मान हलवली. गाऱ्हाणं बंद झालं. गणपतीतही नुसता नारळ ठेवून नमस्कार केला.

यंदा माझ्या छातीत गाठ निघाली. बोरिवलीला ऑपरेशन ठरलं. मला भीती वाटत होती, खूप. सकाळी पिशवी घेऊन उंबऱ्यात उभी राहिले. बाबा सवयीने नारळ घेऊन आले. ओठ हलले.

"घाला ना बाबा," मी म्हटलं. "एकदाच. माझ्यासाठी."

त्यांचे डोळे भरून आले. दोन्ही हातांनी नारळ छातीशी घट्ट धरला आणि म्हणाले, "रिक्षा थांबली हा, बाय. जा."

समोर काकूंनी दार उघडलं होतं. हात जोडून, "व्हय म्हाराजा" म्हणायला त्या थांबल्या होत्या. मी त्यांच्यासमोरून जिना उतरायला लागले, तरी त्या तशाच उभ्या होत्या.