गंगूला पाव सोसेना

"सायेब, ही आता जगत नाय बगा," म्हणत रामाने बायकोला उचलूनच दवाखान्याच्या ओट्यावर आणून ठेवलं. बाईचं वजन एखाद्या पोरीएवढं झालं होतं.

इंग्रजांच्या अमदानीतली गोष्ट. मी तेव्हा कर्जतजवळच्या एका लहान दवाखान्यात हॉस्पिटल असिस्टंट होतो. म्हणजे पुरा डॉक्टर नव्हे. औषधं देणारा, जखमा शिवणारा आणि जिल्ह्याच्या सिव्हिल सर्जनसाहेबांना जाब देणारा माणूस. रामा स्टेशनवरच्या रिफ्रेशमेंट रूममध्ये नोकर होता. घाट चढण्याआधी गाडीला जादा इंजिन जोडतात, तेवढ्या वेळात साहेब लोक तिथे चहा घेत.

त्याच्या बायकोला, गंगूला, दोन वर्षांपासून संग्रहणी होती. संग्रहणी म्हणजे जुनाट जुलाब. खाल्लेलं अंगी लागत नाही, पोट फुगतं, तोंड येतं, माणूस झिजत जातो. सोबत तिची आई होती, पोशीर गावची. तिने जावयादेखतच सांगून टाकलं, "लग्नाआदी पोरीला काय नव्हतं. म्हायेरी नेली का म्हैन्यात उभी ऱ्हाते. हितं धाडली का पुन्ना आडवी. ह्येच्या घरात काय तरी हाय."

"काय हाय? मी तिला काय कमी करतो का?" रामा चिडला.

मला वाटलं, घरात काही नाही, विहिरीत आहे. रामाला पाणी उकळायला लावलं. पंधरा दिवसांनी गंगू जास्तच खंगली. शेवटी तिला दवाखान्यातच खाट दिली. डाएट शीटवर, म्हणजे रोग्याच्या खाण्याच्या कागदावर, मी ठसठशीत लिहिलं: पाव आणि दूध, भात बंद. आमच्या पुस्तकात पाव म्हणजे सगळ्यात हलकं अन्न. सोबत जुलाब आवळायला बिस्मथ आणि खडूचं मिक्श्चर.

आता ती ना सासरी होती, ना माहेरी. पाणी माझ्या डोळ्यांदेखत उकळलेलं. तरी जुलाब वाढले. पायांवर सूज आली.

तेवढ्यात पाव भाजणारा तापाने पडला आणि पाव यायचा बंद झाला. गंगूच्या आईने विचारलं, "पेज देऊ का?" मी नाइलाजाने हो म्हटलं. आठवड्याभरात जुलाब निम्म्यावर आले. दोन आठवड्यांनी गंगू भिंतीला धरून दारापर्यंत चालली. मला वाटलं, माझं मिक्श्चर लागू पडलं. आता अंगात ताकद यावी म्हणून मी पाव पुन्हा सुरू केला. चार दिवसांत ती परत आडवी.

पाव शिळा असेल म्हणून ताजा मागवला. तेच. मी स्वतः खाल्ला, मला काही झालं नाही. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा तोच पाव खाऊन मजेत होता. मग पाव सोडून गव्हाची चपाती दिली. तरी तेच! पेज दिली की बरी. माझं डोकं चालेना. गहू कुणाला बाधतो असं मी कुठेच वाचलं नव्हतं.

जे पहिल्या दिवशी विचारायचं ते मी तेव्हा विचारलं. "रामा, घरी ही काय खायची?"

"आमी भातच खातो, सायेब. हिला मी रोज हाटेलातला उरलेला पाव आणतो. सायबाचं खाणं, ताकदीचं. आजारी पडल्यापासून तर दोन आणतो." बोलता बोलता त्याचा चेहरा उतरला. "म्हंजी मीच...?"

"तसं नाही रे," मी म्हणालो. पण कसं, ते मला सांगता येईना.

"त्येनला बोलू नका," गंगू खाटेवरून म्हणाली. "मला आवडायचा तो पाव."

त्याच आठवड्यात सिव्हिल सर्जनसाहेब इन्स्पेक्शनला आले. शीट पाहून भडकले.

"जुलाबाच्या रोग्याला भात? ब्रेड द्या."

"सर, ब्रेड दिला की ती आजारी पडते. तीनदा पाहिलं."

"योगायोग. ब्रेड."

मी शीटवर ब्रेड लिहिला. बदली झाली तर कुठे जाईन, हे एकीकडे. बाई मेली तर, हे दुसरीकडे. पाव म्हाताऱ्याला दिला आणि गंगूला पेज, पुढे मऊ भात आणि शिजवलेला दुध्या भोपळा.

दीड महिन्याने साहेब परत आले. गंगू अंगणात वाळवण उलटवत होती. गालांवर मांस आलं होतं. साहेबांनी शीट पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"पाहिलंत? ब्रेड."

मी गप्प बसलो असतो तर प्रमोशन मिळालं असतं. पण तोंडातून निघून गेलं, "सर, तो ब्रेड शेजारच्या म्हाताऱ्याने खाल्ला."

साहेबांनी शीट मिटून खाली ठेवलं. मग म्हणाले, "म्हातारा कसा आहे?"

"उत्तम, सर."

खोटी नोंद केल्याबद्दल माझ्या सर्व्हिस बुकात लाल शेरा आला. तो बरोबरच होता. गंगूची पेज मात्र साहेबांनी थांबवली नाही.

ती भात आणि नाचणीवर राहिली. तीन वर्षांनी स्टेशनवर भेटली तेव्हा कडेवर मूल होतं. रामाने मला चहा पाजला. पाव पुढे केला नाही.

पुढे खालापूरहून हुबेहूब तसाच एक रोगी आला. मी मोठ्या ऐटीत त्याचा गहू बंद केला. त्याला काडीचाही फरक पडला नाही. का, ते कळलं नाही. गंगू का बरी झाली, तेही आजवर कळलेलं नाही. नोकरीभर मग मी औषधाआधी रोग्याचं खाणं विचारत गेलो, आणि रजिस्टरात रोगाच्या कारणाच्या रकान्यात बहुतेक वेळा 'माहीत नाही' लिहीत गेलो. त्यावर मात्र कुणी लाल शेरा मारला नाही.