लेकीचा नेटबॉल आणि माझं प्लास्टर

आमच्या घरात नेटबॉल खेळते सई, आणि प्लास्टर माझ्या हाताला आहे.

झालं असं, की सईची राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्याच्या संघात निवड झाली. सोबत संमतीपत्र आलं, 'दुखापत झाल्यास जबाबदारी पालकांची.' मी लगेच चौकशी केली. (शिक्षिका आहे, खोलात शिरायची खोड!) गोलकीपरचा घोटा मुरगळलेला, सेंटरचं बोट सुजलेलं, आणखी एकीच्या गुडघ्याला पट्टा. हा संघ आहे की हाडांच्या दवाखान्यातली रांग?

"मी सही करणार नाही!"

"आई, शनिवारपर्यंत फॉर्म दिला नाही तर माझ्या जागी दुसरी जाईल गं!" सई रडकुंडीला आली.

"मी करतो सही," आमचे हे म्हणाले.

मी तिथल्या तिथे कोच सरांना फोन लावला. "सर, सईच्या फॉर्मवर फक्त माझी सही चालेल. तिच्या बाबांची अजिबात घ्यायची नाही!"

सईनं शेवटचा प्रयत्न केला. "अगं, सर नीट उतरायला शिकवतात. उडी मारून बॉल पकडायचा, गुडघे वाकवून उतरायचं आणि थांबायचं. बॉल घेऊन पळायचं नाही, नाहीतर 'स्टेप'चा फाऊल देतात."

"उतरायला कसलं शिकवायचं? मी कॉलेजात चार वर्षं खो-खोच्या संघात होते. साधं खरचटलंसुद्धा नाही!" (चारही वर्षं राखीव खेळाडू होते. पण हे पोरीला कशाला सांगा?)

"मग दाखव करून!"

दाखवते म्हणजे काय! सिडकोतल्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मी ओढणी कमरेला खोचली. शेजारच्या कुसुममावशी मेथी निवडायची सोडून बघायला लागल्या. सईनं बॉल टाकला, मी उडी मारली आणि चक्क पकडला! पण खो-खोचे पाय ते, जमिनीला लागले तसे सुसाट सुटले.

"आई, स्टेप झाली! थांब!" सई किंचाळली.

मी थांबले. म्हणजे डावा पाय थांबला. बाकीची मी पुढे गेले आणि उजव्या हातावर आपटले. कट्ट!

"अगं बाई! थांब, तेल चोळते," कुसुममावशी धावल्या.

"मावशी, चोळू नका! बर्फ आणा. बाबा, गाडी काढा. आई, हात हलवू नकोस." एवढीशी पोर, पण सगळ्यांना कामाला लावलं तिनं! कळा येत होत्या, तरी खरं सांगते, मला तिचा फार अभिमान वाटला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कशानं झालं?"

"नेटबॉल," सई म्हणाली.

डॉक्टरांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "कुठल्या वयोगटात?"

मनगट मोडलं होतं, घोटा मुरगळला होता. गाडीत बसता बसता मी म्हटलं, "सई, फॉर्म आण. तुझ्यापेक्षा मलाच घरात बसवायला हवं."

सईनं आनंदानं फॉर्म पुढे केला आणि आम्ही दोघी माझ्या प्लास्टरकडे बघत राहिलो. ह्यांनी उत्साहानं पेन काढलं. तेवढ्यात फॉर्मची आठवण करून द्यायला कोच सरांचा फोन. "मॅडम, काळजी नको! तुमची सूचना पक्की लक्षात आहे. बाबांची सही मी मुळीच घेणार नाही!"

आता आपलाच हुकूम कुठल्या तोंडानं फिरवू? शेवटी शाळेतून शाईचा पॅड मागवला. एम.ए., बी.एड., अठरा वर्षं पोरांना सुवाच्य अक्षर काढा म्हणून दटावणारी मी, डाव्या हाताचा अंगठा उमटवून मोकळी झाले. आणि त्याच्याखाली आमच्या कन्येनं वळणदार अक्षरात लिहिलं, 'निशाणी अंगठा : दुखापतग्रस्त खेळाडू.'